सायलेन्सरवरचा थर: आधी ओळखा, मग घासा

आषाढात गगनबावड्याकडे एक चक्कर मारायची आणि आल्यावर मोटरसायकल आठवडाभर न धुता जिन्याखाली लावून ठेवायची. मग बेंड पाईपवर (इंजिनापासून सायलेन्सरपर्यंतचा वाकडा पाईप) तांबूस ठिपके, सायलेन्सरच्या पोटाखाली सुटलेले पापुद्रे आणि वर चिखलाची तांबडी साय, एवढं सगळं एकदम दिसायला लागतं. नवा माणूस अशा वेळी ग्राइंडर शोधतो किंवा तारेचा ब्रश घेऊन बसतो. मीही तेच केलं होतं. पहिल्या गाडीचा बेंड पाईप साध्या लोखंडी तारेच्या ब्रशनं दोन तास घासला आणि खूश झालो. श्रावण उजाडेपर्यंत त्याच पाईपवर बारीक तपकिरी पुटकुळ्या आल्या होत्या. कोल्हापूरच्या उद्यमनगरातल्या आमच्या मिस्त्रींना दाखवला, तर ते म्हणाले, "आरं, स्टेनलेस हाय हे. तुझ्या ब्रशाचं लोखंड त्यात रुतलंय, ते गंजतंय. आधी बघ तरी काय हाय ते, मग घास की."

ज्यांनी अजून पहिला पाईप उतरवलेला नाही त्यांच्यासाठी हा लेख आहे. क्रोम, साधा रंग, भट्टीतला रंग, जस्त, ॲल्युमिनियम हे सगळे थर लांबून सारखेच वाटू शकतात. पण एकाला जे औषध चालतं ते दुसऱ्याला विष ठरतं. म्हणून लेखाचा निम्मा भाग ओळखण्यावरच खर्च केला आहे.

पहिलं काम: जो थर नाहीच, तो बाजूला करा

इंजिन पूर्ण थंड होऊ द्या. साबणाच्या पाण्यानं पाईप धुवा, कोरडा पुसा आणि उन्हात नेऊन बघा. निम्म्या गाड्यांवर जो काळा, चिवट डाग "कोटिंग गेलं" म्हणून दाखवला जातो, तो वितळलेला रेनकोट असतो. आपल्याकडच्या पावसात हे होतंच. मागे बसलेल्याच्या रेनकोटचं टोक सायलेन्सरला लागतं आणि चिकटतं. त्यासाठी इंजिन दोनतीन मिनिटं चालवून पाईप जेमतेम कोमट करा आणि लाकडी पट्टीनं प्लॅस्टिक खरवडा. उरलेला डाग पाईप पुन्हा गार झाल्यावर थिनरच्या फडक्यानं जातो. गरम पाईपला थिनर कधीही लावू नका, तो तिथल्या तिथं पेट घेऊ शकतो.

टू-स्ट्रोक गाडी असेल, म्हणजे आरएक्स १००, राजदूत, जुनी येझदी, तर जोडाजवळ जळक्या तेलाचं तपकिरी पुटही असतं. ते रॉकेलमध्ये भिजवलं की सुटतं.

बेंड पाईपवर इंजिनाजवळ पिवळा, मग जांभळा, मग निळा असे पट्टे दिसतात, तोही वरून दिलेला थर नव्हे. तापल्यावर धातूवर ऑक्साइडची अतिशय पातळ कात येते आणि तिच्या जाडीप्रमाणे रंग दिसतो. नव्या गाडीत थोडा निळेपणा यायचाच. पण अचानक खूप निळं झालं असेल, तर पॉलिश आणण्याआधी कार्बोरेटर आणि ठिणगीचं टायमिंग तपासा. पेट्रोल कमी आणि हवा जास्त गेली की पाईप तापतो. ते दुरुस्त न करता घासलेला निळा रंग परत येणारच.

आता पाईप वाचायला शिका

डोळ्यांपासून सुरुवात करू. क्रोमची चकाकी आरशासारखी आणि किंचित निळसर असते. स्टेनलेसची चमक थोडी पिवळसर, उबदार असते. पण पॉलिश केलेलं स्टेनलेस भल्याभल्यांना फसवतं, म्हणून वेल्डिंगचा सांधा बघा. मुलामा वेल्डिंगनंतर देतात, त्यामुळे क्रोमच्या पाईपवर सांधाही तेवढाच चकचकीत असतो. उघड्या स्टेनलेसवर सांध्याच्या कडेला तापल्याचे रंग किंवा करडेपणा सापडतो. मग टोकातून आत बघा, काजळी थोडी पुसा. आत लाल गंज असेल तर पाईप साध्या लोखंडाचा आहे आणि बाहेरची चमक मुलाम्याची.

जिथं गंज आलाय तिथं नीट निरखून बघा, कारण गंज कसा आलाय यावरूनच बरंच कळतं. क्रोमवर तो सुईच्या टोकाएवढ्या ठिपक्यांनी येतो, मग ठिपक्याभोवतीचं कवच उचलून पातळ खपल्या पडतात. याचं कारण समजून घेतलं तर पुढचे निर्णय सोपे जातात. आपण ज्याला क्रोम म्हणतो तो क्रोमियमचा थर एका मायक्रॉनपेक्षाही (मिलिमीटरचा हजारावा भाग) पातळ असतो, केसाच्या जाडीचा शंभरावा भागसुद्धा नाही. गंजापासून खरं राखण करतो तो त्याच्याखालचा निकेलचा थर. तोही सहसा दहावीस मायक्रॉनचा. निकेल लोखंडापेक्षा "वरच्या जातीचा" धातू आहे. त्याला छिद्र पडलं की तो स्वतः शाबूत राहतो आणि पाणी खालच्या लोखंडाला खातं. जस्ताचं उलट आहे, जस्त स्वतः झिजतं आणि लोखंडाला वाचवतं. म्हणून जस्ताच्या पत्र्यावर ओरखडा पडला तरी गंज लवकर पसरत नाही, आणि क्रोमच्या एका छिद्राखाली मात्र वाटाण्याएवढा खड्डा तयार झालेला असतो.

काळा पाईप असेल तर तीन शक्यता धरा. हीट-प्रूफ स्प्रे पातळ आणि मॅट असतो, नखानं खरवडला तर भुकटी निघते. पावडर कोटिंग जाड असतं, साधारण ६० ते १०० मायक्रॉन. त्याच्या कडा गोलसर दिसतात, संत्र्याच्या सालीसारखा पोत असतो आणि टवका निघाला तर प्लॅस्टिकसारखा निघतो. साधं पावडर कोटिंग भट्टीत २०० अंशांच्या आसपास शिजवलेलं असतं, त्याहून जास्त उष्णता ते सोसत नाही. त्यामुळे सायलेन्सरच्या मागच्या डब्यावर किंवा गार्डवर ते टिकेल, इंजिनाजवळच्या बेंड पाईपवर टिकणार नाही. बेंड पाईपवर काळा थर वर्षानुवर्षं न जळता, न सुटता बसलेला असेल आणि नखाला दाद देत नसेल, तर ते बहुधा सिरॅमिक कोटिंग आहे.

राखाडी, चमक नसलेला, स्फटिकासारखी नक्षी असलेला पृष्ठभाग म्हणजे जस्त. चांदीसारखा पण मंद, एकसारखा पांढरट असेल तर ॲल्युमिनियम चढवलेलं लोखंड.

चार चाचण्या

जे काही करायचं ते पाईपच्या आतल्या बाजूला, क्लॅम्पखाली, जिथं नजर जात नाही तिथं करा. सोनार दागिना कसोटीवर घासतो तोही पुढच्या बाजूनं घासत नाही.

चुंबक. पक्कं चिकटलं म्हणजे साधं लोखंड, असा समज आहे. तो अर्धाच खरा. ३०४ जातीच्या स्टेनलेसला चुंबक जवळजवळ चिकटत नाही, पण सायलेन्सरात भरपूर वापरलं जाणारं ४०९ जातीचं स्टेनलेस चुंबकाला धरतं. म्हणजे चिकटलं नाही तर साधं लोखंड नाही हे नक्की, चिकटलं तर अजून काहीच नक्की नाही.

थिनर. पांढऱ्या फडक्याचा बोळा थिनरमध्ये भिजवून मिनिटभर दाबून धरा. रंग फडक्यावर आला किंवा पृष्ठभागावर सुरकुत्या पडल्या, तर तो साधा स्प्रे किंवा न शिजलेला रंग. चकचकीत धातूवरून काहीतरी चिकट, बिनरंगी निघालं तर वर लॅकर, म्हणजे पारदर्शक रंग, होता. काहीच झालं नाही तर शिजलेला हीट-प्रूफ रंग, पावडर, सिरॅमिक किंवा धातूचाच मुलामा.

चाकूचं टोक. क्लॅम्पखाली एक बारीक रेघ ओढा आणि मोबाइलचा कॅमेरा मोठा करून बघा. थर किती आहेत ते दिसतं. चुलतभावाच्या जुन्या गाडीच्या काळ्या सायलेन्सरवर अशी रेघ ओढली, तर काळ्याखाली चंदेरी रंग आणि चंदेरीखाली अख्खं, ठणठणीत क्रोम निघालं. कुणीतरी गंजाच्या दोन ठिपक्यांसाठी सगळं रंगवून टाकलं होतं. क्रोमवर रंग पकड धरत नाही, म्हणून तो पत्र्यासारखा सुटत होता आणि सगळ्यांना वाटत होतं सायलेन्सर सडला.

मोरचूद. ही माझी सगळ्यात आवडती चाचणी. फवारणीसाठी मोरचूद (कॉपर सल्फेट) विकतात ते चिमूटभर कपभर पाण्यात विरघळवा, हातमोजे घाला. जागा कानशीनं घासून उघडी करा आणि थेंब ठेवा. साध्या लोखंडावर काही सेकंदांत तांब्याचा गुलाबी लेप येतो. स्टेनलेसवर काही होत नाही, न घासलेल्या क्रोमवरही नाही. जस्तावर थेंबाखाली काळं पडतं. नंतर जागा भरपूर पाण्यानं धुवा. मोरचूद विषारी आहे, त्यासाठी स्वयंपाकघरातला कप घेऊ नका.

काढायचंच का, हे ठरवा

सिरॅमिक असेल तर हात लावू नका. ते ब्लास्टिंगशिवाय, म्हणजे दाबाच्या हवेनं बारीक कणांचा मारा केल्याशिवाय, निघत नाही आणि त्याच्याइतकं चांगलं तुम्ही घरी काही चढवू शकणार नाही. ॲल्युमिनियमचा थर असेल तर तोही राहू द्या. तो कारखान्यात वितळलेल्या धातूत बुडवून दिलेला असतो. फार तर हलका वॉटर पेपर फिरवून त्यावर हीट-प्रूफ रंग मारा.

क्रोमवर नुसते ठिपके असतील, खपल्या नसतील, तर स्वयंपाकघरातली ॲल्युमिनियमची फॉइल चुरगळून साध्या पाण्यात बुडवा आणि हलक्या हातानं घासा. ॲल्युमिनियम क्रोमपेक्षा मऊ असल्यानं ओरखडे पडत नाहीत, गंज मात्र निघतो. पुसून कोरडं करा. सायलेन्सरच्या डब्यावर मेणाचं पॉलिश लावून ठेवा, बेंड पाईपवर लावलं तर ते जळून जाईल.

जस्त असेल तर पाईपच बदला, हे मी हट्टानं सांगतो. कुठंतरी घाईत कुणी पाण्याच्या जीआय, म्हणजे जस्त चढवलेल्या, पाईपचा तुकडा जोडून दिलेला असतो. जस्त ४२० अंशांच्या आसपास वितळतं, आणि बेंड पाईप घाटात त्याच्या पुढे जाऊ शकतो. अशा पाईपवर गॅसची बत्ती धरली किंवा वेल्डिंग केलं की पांढरा धूर निघतो. तो छातीत गेला की काही तासांनी हुडहुडी भरून ताप येतो, अंग मोडून येतं. वर्कशॉपमध्ये कुणीतरी गुळाचा खडा हातावर ठेवतो, "खा, धूर उतरतो" म्हणून. गूळ आपला अभिमान आहे, पण मास्कचं काम गूळ करत नाही.

पाईप उतरवताना

गाडीवरच घासाघाशी करू नका. इंजिनाच्या तोंडाशी असलेले दोन स्टड (पाईप धरून ठेवणारे आटेदार दांडे) वर्षानुवर्षं तापून गंजलेले असतात. आदल्या रात्री त्यांवर गंज सोडवणारं तेल मारून ठेवा. सकाळी नट आधी केसभर आवळा, मग सोडवा. करकर आवाज आला की परत आवळा, परत तेल, परत सोडवा. या कामात अर्धा तास गेला तरी चालेल, कारण स्टड तुटला तर हेड उतरवण्यापर्यंत प्रकरण जातं. तोंडातलं जुनं पॅकिंग कोरडं खरवडू नका, जुन्या पॅकिंगमध्ये ॲस्बेस्टॉस असू शकतं. ओलं करून काढा आणि नवं आणा. इंजिनाच्या उघड्या तोंडात स्वच्छ फडकं कोंबून ठेवा.

गाडी बीएस-६ असेल, म्हणजे एप्रिल २०२० नंतरची, तर पाईपमध्ये कॅटॅलिटिक कन्व्हर्टर (धूर साफ करणारी जाळी) आणि ऑक्सिजन सेन्सर असतो. सेन्सर आधी काढा. असा पाईप कशातही बुडवायचा नाही, आतल्या जाळीला कॉस्टिक सोडा आणि ॲसिड दोन्ही मारक आहेत. फक्त बाहेरून, हातानं काम करा.

काढणं, थरानुसार

साधा रंग आणि लॅकर. पेंट रिमूव्हरची जेली ब्रशनं जाड लावा, वर प्लॅस्टिकचा कागद गुंडाळा, वीस मिनिटांनी सुरकुतलेला रंग लाकडी पट्टीनं ओढा. बाजारातल्या बऱ्याच रिमूव्हरमध्ये मिथिलीन क्लोराइड असतं. शरीरात गेल्यावर त्याचा कार्बन मोनॉक्साइड होतो, बंद खोलीत त्यानं माणसं दगावली आहेत. म्हणून हे काम अंगणात किंवा गच्चीवर करा, जिन्याखाली किंवा दार लावलेल्या गॅरेजमध्ये नको. दवाखान्यात असतात तसले पातळ हातमोजे त्यापुढे टिकत नाहीत, जाड मोजे घ्या आणि थेंब पडला की लगेच बदला. उरलेला रंग वॉटर पेपरनं पाणी लावूनच घासा. जुन्या रंगात शिसं असू शकतं, त्याची कोरडी धूळ नाकात जायला नको. त्याच कारणासाठी रंग बत्तीनं जाळूही नका.

साध्या लोखंडावरचा ऑइल पेंट कॉस्टिक सोड्यानंही निघतो. प्लॅस्टिकच्या बादलीत लिटरभर थंड पाणी घ्या आणि त्यात ५० ते १०० ग्रॅम सोडा थोडाथोडा टाका. उलटं, म्हणजे सोड्यावर पाणी, कधीच नाही. ते उसळून तोंडावर येतं. मिश्रण आपोआप गरम होईल, घाबरू नका, पण चष्मा घातल्याशिवाय जवळही जाऊ नका. डोळ्यात गेलं तर नळाखाली किमान पंधरा-वीस मिनिटं डोळा धुवायचा आणि तसंच दवाखाना गाठायचा. ॲल्युमिनियमचा डबा, ॲल्युमिनियमचा थर किंवा जस्त असेल तर कॉस्टिक पूर्ण वर्ज्य, ते धातूच खातं आणि हायड्रोजन वायू सोडतं. चाचण्या आधी करायला सांगितल्या त्या यासाठीच.

शिजलेला हीट-प्रूफ रंग आणि पावडर कोटिंग. हातानं हे काढत बसाल तर दोन रविवार जातील. उद्यमनगर, शिरोली किंवा गोकुळ शिरगावच्या एमआयडीसीत ब्लास्टिंग करणारे सापडतात, फाउंड्रीचं गाव आहे आपलं. देताना दोन गोष्टी विचारा. काय मारणार? ॲल्युमिनियम ऑक्साइड किंवा काचेचे मणी म्हणाले तर ठीक. साधी वाळू म्हणाले तर पाईप परत घ्या. वाळूच्या बारीक धुळीनं सिलिकोसिस होतो, तो बरा होत नाही, आणि तो होतो मशीनवर उभ्या असलेल्या पोराला. दुसरं, दाब कमी ठेवायला सांगा. पाईपचा पत्रा मिलिमीटर-दीड मिलिमीटरचा असतो. दोन्ही तोंडं रबरी बूच आणि टेपनं बंद करूनच पाईप द्या.

क्रोम. खपल्या पडत असतील तर ते काढावं लागतं, कारण सुटत्या क्रोमवर कसलाच रंग बसत नाही. पण घरी नाही. संडास धुण्याचं ॲसिड क्रोम विरघळवतं हे खरं आहे. मात्र खालचं निकेल तसंच चिकटून राहतं, छिद्रांतून ॲसिड लोखंड पोखरतं आणि त्याच्या वाफेनं खोलीतली सगळी हत्यारं गंजतात. बॅटरी चार्जर लावून उलटा करंट देण्याचे व्हिडिओ दिसतात, ते त्याहून वाईट. त्यातून क्रोमियमचं जे विषारी रूप पाण्यात उतरतं त्यानं कॅन्सर होतो. ग्राइंडरनं काढलं तर क्रोम-निकेलची धूळ. म्हणून मुलामा देणाऱ्याकडेच जा, त्यांच्याकडे टाक्या असतात आणि तो निचरा त्यांनी रीतसर सोडायचा असतो. तुमच्या बादलीतलं पाणी गटारातून पंचगंगेत जाणार, आणि तिच्यात आधीच पुष्कळ आहे.

नुसता गंज. लिटरभर गरम पाण्यात ५० ते १०० ग्रॅम लिंबूसत्व (सायट्रिक ॲसिड) टाकून तुकडा काही तास बुडवा. चिंचेनं तांब्याचा हंडा उजळतो तोच प्रकार. नंतर खायच्या सोड्याच्या पाण्यानं धुवा.

स्टेनलेसवर काम असेल तर ब्रश स्टेनलेसच्याच तारेचा घ्या आणि तो दुसऱ्या कशाला लावू नका. माझ्या त्या पाईपवरच्या पुटकुळ्या लिंबूसत्वाच्या गरम पाण्यानंच गेल्या.

एक सूचना वेगळी लक्षात ठेवा. पुढे वेल्डिंग करायचं असेल तर पाईप ब्रेक क्लीनरनं पुसू नका. काही ब्रेक क्लीनरमध्ये क्लोरीनयुक्त द्रव असतात. वेल्डिंगच्या ज्योतीत त्यांच्यापासून फॉस्जीन वायू तयार होतो, तो प्राणघातक आहे.

उघडा पाईप रात्रभर ठेवू नका

जून ते सप्टेंबर कोल्हापुरात उघडं लोखंड संध्याकाळी चंदेरी आणि सकाळी नारिंगी दिसतं. म्हणून रंगाचा डबा आधी आणा, मग थर काढा. जमलं तर हे काम दिवाळीनंतर, कोरड्या हवेत करा. साफ झालेला पाईप थिनरनं पुसा आणि त्यानंतर उघड्या हातानं धरू नका, बोटाचं तेलही रंग उचलतं. साधा प्रायमर चालत नाही, तो जळतो आणि वरचा रंग घेऊन सुटतो. हीट-प्रूफ स्प्रे किमान ६०० अंश सोसणारा घ्या, दोनतीन पातळ हात द्या, मध्ये डब्यावर लिहिलेला वेळ सोडा. जाड हात दिला की फोड येतात.

हा रंग सुकून पक्का होत नाही, शिजून होतो. पाईप बसवल्यावर गाडी मोकळ्या जागेत जागेवरच दहा मिनिटं चालवा आणि पूर्ण गार होऊ द्या. मग वीस मिनिटं, परत गार. मग अर्धा तास. पहिल्यांदा धूर येईल, उग्र वास येईल, रंग थोडा मऊ पडेल. तो शिजत असतो, हात लावू नका. तिसऱ्यांदा गार झाल्यावर तोंडाशी असलेले दोन्ही नट पुन्हा एकदा आवळा. नवं पॅकिंग तापून बसलेलं असतं, नट हमखास पाव आटा फिरतात. मग जोतिबाला जाऊन या आणि आल्यावर नट परत बघा.